बाबांच्या यादीत नसलेले सहा लाख

आयोजकांनी मला विषय दिला होता, ‘पदव्युत्तर पातळीवर पोर्टफोलिओ मॅनेजमेंट शिकताना’. फोनवर म्हणाले, मुलांना मार्गदर्शन होईल असं बोला, कोणता कोर्स घ्यावा, पुढे काय करता येतं, वगैरे. तेही सांगते, पण थोडक्यात. ते सगळं कुठल्याही माहितीपत्रकात मिळतं. मला आज मुख्यतः एका चुकीबद्दल बोलायचंय. चूक माझी आहे. आणि ती मी केली तेव्हा या विषयात वर्गात सगळ्यात जास्त मार्क माझे होते.

आधी कोर्सचं उरकते. हा विषय तुम्हाला तीन-चार वाटांनी भेटतो. एमबीए फायनान्स किंवा एमकॉमला एखाद-दुसरा पेपर असतो. सीएफए नावाची तीन पातळ्यांची परीक्षा आहे. तिच्या तिसऱ्या पातळीचा भर मुख्यतः पोर्टफोलिओवरच असतो. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला एनआयएसएमचा कॅम्पस आहे, सेबीने उभी केलेली ही संस्था, तिथे शेअर बाजाराशी निगडित पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. गणिताची भीती असेल तर एवढंच सांगते की बारावीचं संख्याशास्त्र आणि एक्सेल एवढ्यावर निम्मी लढाई जिंकता येते. बाकीची निम्मी लढाई कशाची असते, ते मला फार उशिरा कळलं.

मी इंदूरची. आमचं मूळ घर देवासचं, जुना वाडा, पण बाबांनी संसार इंदुरात मांडला. देवासच्याच एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. रोज कंपनीच्या बसने जायचे, यायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते साठीला निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, सगळं मिळून बत्तीस लाख हातात आले. पेन्शन म्हणाल तर महिन्याचं किराणा आणि वीजबिल भागेल इतकंच. मी तेव्हा पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि आमच्या सरांनी नेमकी तेव्हाच असाइनमेंट दिली: खऱ्या माणसासाठी खरा पोर्टफोलिओ बांधा. माझ्याकडे माणूस तयारच होता.

आता वर्गात काय शिकवतात ते दोन मिनिटांत सांगते. १९५२ साली हॅरी मार्कोविट्झ नावाच्या पंचविशीच्या आतल्या मुलाने ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये एक लेख लिहिला. तोपर्यंत लोक शेअर एकेक करून पाहायचे, हा चांगला, तो वाईट. मार्कोविट्झ म्हणाला, शेअर एकटा बघू नका, त्याचं बाकीच्यांशी कसं जमतं ते बघा. समजा, दोन गुंतवणुका आहेत, दोघींचा चढउतार वर्षाला २० टक्के. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. अर्धे पैसे इकडे, अर्धे तिकडे घातले तर एकूण चढउतार २० टक्के राहत नाही, साधारण १४ टक्क्यांवर येतो. परतावा तोच, धक्के कमी. पहिल्यांदा हे गणित फळ्यावर सुटताना पाहिलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं की फुकटात काहीतरी मिळालं. या कामासाठी मार्कोविट्झला १९९० मध्ये नोबेल मिळालं.

मी उत्साहाने पंचवीस कंपन्या घेतल्या. पंचवीस कंपन्यांसाठी किती आकडे लागतात? प्रत्येकीचा अपेक्षित परतावा, म्हणजे पंचवीस. प्रत्येकीचा चढउतार, आणखी पंचवीस. आणि कुठली कुठलीबरोबर वर-खाली होते, अशा जोड्या तीनशे. एकूण साडेतीनशे आकडे. ते मी मागच्या पाच वर्षांच्या, म्हणजे फक्त साठ महिन्यांच्या, किमतींवरून काढले. एक्सेलमध्ये सॉल्व्हर चालवला. उत्तर आलं: पंचविसातल्या चारच कंपन्यांत सगळे पैसे घाला. टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत.

सरांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, ‘साठातला एक महिना काढ. कुठलाही. परत चालव.’ मी काढला. चारातल्या दोन कंपन्या बदलल्या. दुसरा महिना काढला, तर तिसरीच कंपनी चाळीस टक्क्यांवर जाऊन बसली. वर्गात हशा झाला. माझे कान तापले. सर म्हणाले, ‘हे यंत्र चुका शोधून काढतं आणि त्यांच्यावरच सगळे पैसे लावतं.’ पुढे वाचनात आलं की रिचर्ड मिशॉ यांनी १९८९ मध्ये साधारण हेच लिहून ठेवलंय. ज्या कंपनीचा आकडा योगायोगाने जास्त चांगला आला, तिलाच सॉल्व्हर कवटाळतो.

२००९ साली डिमिगेल, गार्लाप्पी आणि उप्पल या तिघांनी याचा हिशोब मांडला. सगळ्यांत सारखे पैसे वाटून टाकायचे, काही डोकं लावायचं नाही, या पद्धतीला आकडेमोडीने हरवायचं असेल तर किती डेटा लागेल? पंचवीस गुंतवणुकांसाठी सुमारे तीन हजार महिने. म्हणजे अडीचशे वर्षं. तेही अमेरिकी बाजाराचे आकडे धरून. आपला मुंबईचा शेअर बाजार १८७५ सालचा. पहिल्या दिवसापासूनची एकेक किंमत कुणी वहीत लिहून ठेवली असती तरी आज तेवढा डेटा भरला नसता. माझ्याकडे साठ महिने होते.

मी शहाणी झाले. चार कंपन्यांचा नाद सोडला आणि निफ्टीच्या इंडेक्स फंडावर आले. पन्नास कंपन्या, खर्च कमी, कुणाच्या हुशारीवर अवलंबून राहायचं नाही. हा निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. पुढे जे झालं ते ऐकताना कृपा करून ‘शेअर म्हणजे जुगार’ असा निष्कर्ष काढू नका, तो सोपा आणि खोटा आहे.

असाइनमेंटचा दुसरा भाग होता आयपीएस, म्हणजे इन्व्हेस्टमेंट पॉलिसी स्टेटमेंट. ज्याचे पैसे आहेत त्याच्याबद्दल एक-दोन पानांत लिहायचं: परतावा किती हवा, जोखीम किती झेपेल, मुदत किती, रोख पैसे कधी लागतील, कर, कायदेशीर अडचणी, आणि शेवटी एक रकाना असतो, ‘विशेष परिस्थिती’. आमच्या संपूर्ण सेमिस्टरमध्ये यावर एक तास झाला होता. एकच. बाकी सगळे तास आलेख आणि सूत्रं. परीक्षेतही यावर पाच मार्कांचं टिपण येतं, आणि लोक ते शेवटच्या दहा मिनिटांत खरडतात.

डिसेंबरच्या सुट्टीत घरी गेले आणि बाबांना समोर बसवलं. दहा प्रश्नांची प्रश्नावली. सहावा प्रश्न: तुमची गुंतवणूक तीन महिन्यांत २० टक्के पडली तर काय कराल? सगळं विकाल, थोडं विकाल, काही करणार नाही, की आणखी घ्याल? बाबांनी पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. ‘काय लिहू?’ मी म्हटलं, ‘खरं असेल ते लिहा ना बाबा.’ त्यांनी ‘आणखी घेईन’वर खूण केली. मला आनंद झाला. आज तो प्रसंग आठवला की दिसतं की बाबा जोखमीबद्दल काहीच सांगत नव्हते. मुलीला परीक्षेत मार्क पडावेत म्हणून बरोबर उत्तर देत होते.

‘येत्या वर्षभरात काही मोठा खर्च?’ ‘नाही.’ ‘आईचं काही?’ ‘नाही गं.’ ‘विशेष परिस्थिती’च्या रकान्यात मी लिहिलं: काही नाही.

बत्तीसपैकी पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. तेव्हा तिची मर्यादा तेवढीच होती, २०२३ मध्ये ती तीस लाख झाली. पाच लाख जवळच्या बँकेत एफडी, आजारपणासाठी. उरलेले बारा लाख जानेवारीच्या मध्यावर इंडेक्स फंडात. निफ्टी तेव्हा १२,३०० च्या आसपास होता. मी वर्गात सादरीकरण केलं, पहिला नंबर आला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मार्च २०२०. तेवीस तारखेला एका दिवसात निफ्टी सुमारे १३ टक्के पडला. कॉलेज बंद झालं होतं म्हणून मी इंदूरला घरीच होते. मी तशी शांत होते. पुस्तकात लिहिलेलं असतं, घाबरून विकू नका. आमची मुदत दहा वर्षांची होती, बाजार येईल परत.

चोवीस तारखेला सकाळी बाबा चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘त्यातले सहा लाख आज काढता येतील का?’

मला वाटलं, घाबरले. मी समजवायला लागले, २००८ चं उदाहरण दिलं. सेन्सेक्स एकवीस हजारांवरून आठ हजारांच्या घरात आला होता, जे थांबले त्यांचं भलं झालं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘ते सगळं ठीक आहे. उद्या पाडवा आहे. ताईला पाडव्याला देतो म्हणून सांगितलंय.’

ताई म्हणजे माझी बडोद्याची आत्या. देवासचा वाडा आजीनंतर बाबांकडेच राहिला होता. आत्याने कधी वाटा मागितला नाही. पण आजीने जाताना बाबांकडून शब्द घेतला होता, निवृत्तीचे पैसे आले की ताईचा हिस्सा द्यायचा. बाबांनी आत्याला दिवाळीत सांगितलं होतं, पाडव्याला सहा लाख पाठवतो.

मी म्हटलं, ‘बाबा, मी विचारलं होतं ना, मोठा खर्च काही आहे का?’

ते म्हणाले, ‘हा खर्च कुठे आहे? ते पैसे आपले नव्हतेच. जे आपलं नाही ते तुझ्या यादीत कशाला लिहायचं?’

एफडी मोडता आली असती, हे तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. पण त्या बँकेत ऑनलाइन काही नव्हतं, आणि त्या आठवड्यात साठीच्या माणसाला बँकेच्या रांगेत कोण उभं करणार? शिवाय आई म्हणाली, बाहेर काय चाललंय बघताय ना, दवाखान्याच्या पैशाला हात लावू नका. तिचं बरोबर होतं. फंडाचे पैसे मात्र माझ्या मोबाइलवरून निघत होते. दुपारी तीनच्या आत मी सहा लाखांची रिडेम्प्शन टाकली. त्या दिवशी निफ्टी ७,८०१ वर बंद झाला. बारा लाखांचे साडेसात लाखांच्या थोडे वर उरले होते. त्यातले सहा गेले. रात्री आठ वाजता लॉकडाउनची घोषणा झाली. आत्याच्या खात्यात पैसे तीन-चार दिवसांनी पोचले. पाडवा हुकलाच.

नोव्हेंबरमध्ये निफ्टी पुन्हा बारा हजार तीनशेच्या वर गेला. काढलेल्या सहा लाखांचे तोवर जवळजवळ साडेनऊ झाले असते. बाबांच्या चौतीस वर्षांतले साडेतीन लाख. बाबांनी तो हिशोब कधी मांडला नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. मी मांडला, अनेकदा.

हे नेमकं कसं घडतं त्याचं एक छोटं गणित सांगते, कारण निवृत्त माणसाच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तीस लाख रुपये आहेत. तीन वर्षं: एका वर्षी ३० टक्के वाढ, एका वर्षी १० टक्के वाढ, एका वर्षी ३० टक्के घट. पैसे काढायचेच नसतील तर हा क्रम कसाही लावा, शेवटी तीस लाख तीन हजारच राहतात. गुणाकार आहे, क्रमाने काय फरक पडतो? आता दर वर्षाच्या शेवटी तीन लाख काढा. घट शेवटी आली तर तिसऱ्या वर्षाअखेर बावीस लाख बासष्ट हजार उरतात. तीच घट पहिल्या वर्षी आली तर अठरा लाख चौऱ्याऐंशी हजार. बाजार तोच, सरासरी तीच, चढउतार तोच. पावणेचार लाखांचा फरक फक्त पैसे कधी काढले यामुळे. मार्कोविट्झच्या आलेखावर ही तारीख कुठेच नसते.

आणि यात मार्कोविट्झचा दोष नाही, हे मला नंतर कळलं. त्या लेखाच्या अगदी सुरुवातीला तो सांगतो की गुंतवणूक निवडण्याचे दोन टप्पे असतात: पहिल्यात आपण बघून, अनुभवावरून भविष्याबद्दल काही एक मत बनवतो, दुसऱ्यात त्या मतावरून निवड करतो, आणि माझा लेख फक्त दुसऱ्या टप्प्याबद्दल आहे. त्याने पाटी लावून ठेवली होती. आम्ही ती न वाचता आत शिरलो. खुद्द मार्कोविट्झला पुढे कुणीतरी विचारलं की तुम्ही तुमचे निवृत्तीचे पैसे कसे गुंतवले होते. त्याने सांगितलं, अर्धे शेअर, अर्धे बाँड, कारण नंतर पस्तावायला लागू नये. ज्याने सूत्र दिलं, त्याने स्वतःसाठी ते सोडवलंच नव्हतं! वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. मला ते हसण्यासारखं वाटत नाही. त्याला स्वतःची परिस्थिती ठाऊक होती.

माझी चूक नेमकी कुठे होती? आमच्याच पुस्तकात पेन्शन फंडांवर एक प्रकरण होतं. त्यात म्हटलं होतं, फंडाकडे किती पैसे आहेत हे आधी बघू नका. कुणाला, कधी, किती द्यायचेत ते आधी मांडा. देणी आधी, गुंतवणूक मागून. त्या प्रकरणावरच्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क होते. पण माझ्या डोक्यात ते हजारो कोटींच्या संस्थांसाठी होतं. इंदूरच्या दोन खोल्यांत बसलेला माणूसही एक छोटा पेन्शन फंडच आहे, त्याचीही देणी आहेत, हे सुचलंच नाही. बाबांकडे बत्तीस लाख नव्हतेच. सव्वीस होते. सहा लाख पाडव्याच्या तारखेला बांधलेले होते, आणि तारखेला बांधलेला पैसा शेअरमध्ये जात नाही. एवढं तर पहिल्या सेमिस्टरचा मुलगाही सांगेल, फक्त ते सहा लाख कागदावर यायला हवे होते.

मी विचारलं होतं ‘खर्च’. बाबांच्या भाषेत ते ‘देणं’ होतं. इंग्रजी प्रश्नावलीचं मी घाईघाईने मराठी केलं होतं, आणि त्या भाषांतरात सहा लाख गळून पडले.

एक जाता जाता. आपल्या देशात ‘पोर्टफोलिओ मॅनेजर’ हा सेबीच्या नियमांतला शब्द आहे, आणि २०२० पासून अशी सेवा घ्यायची तर किमान पन्नास लाख रुपये लागतात. म्हणजे आम्ही पदव्युत्तर पातळीवर जे शिकतो त्याच्या अधिकृत दारातून बाबा आत येऊच शकत नाहीत. त्यांच्या वाट्याला म्युच्युअल फंड, एखादा सल्लागार, नाहीतर शिकणारी मुलगी. त्यामुळे तुम्ही हा विषय घेतलात की पहिला ग्राहक तुमच्याच घरातला असणार, हे धरून चाला.

आता मी हैदराबादला हाच विषय शिकवते. पहिले तीन आठवडे एक्सेल उघडायला बंदी आहे. मुलांना सांगते, निवृत्त किंवा निवृत्तीला आलेलं एक माणूस शोधा आणि त्याच्या पैशांचं कॅलेंडर लिहून आणा. पुढच्या पाच वर्षांत कुठल्या महिन्यात, कुणाला, किती द्यायचेत. त्याच्या भाषेत विचारा. तेलुगू, मराठी, उर्दू, जी असेल ती. पहिल्या भेटीत सगळे म्हणतात, काही नाही. दुसऱ्या भेटीत भिशी निघते, जावयाला दिलेला शब्द निघतो, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला कबूल केलेली रक्कम निघते. एका मुलीच्या आजोबांनी तर तिसऱ्या भेटीत सोनं गहाण असल्याचं सांगितलं, घरात कुणालाच माहीत नव्हतं. विद्यार्थी कुरकुरतात, हे फायनान्स आहे की चौकश्या? मी त्यांना मार्क चौकश्यांचे देते. तीस टक्के. आमच्या विभागात यावर वाद झालेत आणि अजून होतात. काही सहकाऱ्यांना वाटतं मी विषय पातळ करतेय. सॉल्व्हर चौथ्या आठवड्यात येतो आणि तो मी पूर्ण शिकवते, तीनशे जोड्यांसकट, एक महिना काढून परत चालवण्यासकट.

राहता राहिली आत्या. तिला हे सगळं दोन वर्षांनी कळलं, माझ्याच तोंडून, बडोद्याला एका मुंजीत. तिने ताटातला हात थांबवला. म्हणाली, ‘अगं, मला एक फोन करायचा ना. मी काय पळून चालले होते? वर्षभर थांबले असते.’

म्हणजे तारीखही हलवता येण्यासारखी होती. ते विचारायचं बाबांना सुचलं नाही, कारण शब्द दिला होता. आणि मला सुचलं नाही, कारण मला आत्या त्या गणितात आहे हेच चोवीस तारखेच्या सकाळी कळलं, आणि दुपारी तीनची वेळ गाठायची होती.

बाबा आता दर पाडव्याला मला एक कागद देतात. रेघा मारलेल्या वहीचं पान. महिना, नाव, रक्कम. यंदा त्यावर सात नोंदी होत्या. एका ओळीत नाव होतं, रक्कम नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, ‘ते अजून ठरायचंय, पण तू लिहून ठेव.’

मी लिहून ठेवलंय. प्रश्न असतील तर विचारा, अजून दहा मिनिटं आहेत.